पाच मिनिटांवरचा घाट

"सर, तुम्हीपण म्हणा की. लाजताय काय?" धुमाळ माझ्या कानाशी लागले.

"काय म्हणू?"

"काव काव."

मी इकडेतिकडे पाहिलं. पांढऱ्या कपड्यांतली चाळीसेक शिकलीसवरलेली माणसं आभाळाकडे तोंडं करून काव काव करत होती. त्यांत एक निवृत्त न्यायाधीश होते, दोन दंतवैद्य होते, आणि जन्मभर विमा विकून घसा बसलेले शहाणे आडनावाचे गृहस्थ होते. शहाण्यांचा आवाज सगळ्यांत अस्सल लागत होता. समोर काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पत्रावळीत भाताचे पिंड मांडलेले, त्यांवर काळे तीळ. आभाळ स्वच्छ, निळं, आणि रिकामं. कावळा सोडाच, चिमणीही फिरकत नव्हती.

मी घसा खाकरला. "काव," म्हणालो. एकदाच, आणि इतकं हळू की शेजारच्या अलूरकरबाईंना वाटलं मी काहीतरी मागतोय. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मंदारबन टाउनशिपचे चेअरमन रणनवरेसाहेब यांच्या दहाव्याचा तो दिवस. मंदारबन म्हणजे आमच्या गावाबाहेरची, नदीकाठची वसाहत. तिथे मंदाराचं एकही झाड नव्हतं, आणि बन तर बांधकामाच्या नकाशावरही नव्हतं. रणनवरेसाहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांचं एक ब्रीद होतं. "पायांत चप्पल घातली की पाच मिनिटांत!" माणसाला जे जे लागतं ते घरापासून पाच मिनिटांवर पाहिजे. दरवर्षी सभेत ते उभे राहात आणि भाजीवाल्यासारखे ओरडत, "बोला, घराजवळ काय काय पाहिजे?" आणि सगळी सभा लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखी मागत सुटे. ऑक्सिजन पार्क पाहिजे. धबधबा पाहिजे. मागच्या डोंगरावर धुकं पाहिजे, असंही एकजण म्हणाला होता, आणि साहेबांनी ते लिहून घेतलं होतं.

एका वर्षी त्यांचं बोट माझ्याकडे वळलं. "खांबेटे सर, तुम्हाला काय पाहिजे?"

मी एकतीस वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, पण समोरून प्रश्न आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. मी म्हणालो, "मला... एखादी सावली असली तर..."

"सावली? फायबरची टाकू! निळी!" साहेब म्हणाले, आणि सभा हसली.

ती सावली त्यांनी खरोखर टाकली. तिच्याखाली बसलं की माणसाचा चेहरा बुडून मेल्यासारखा दिसतो. त्याच सभेत मला उपाध्यक्षही केलं. कारण धुमाळांनीच सांगितलं. ते सोसायटीचे सेक्रेटरी आणि जोडीला फ्लॅटचे दलाल. म्हणाले, "सर कधी कशाला नाही म्हणत नाहीत. उपाध्यक्ष असाच पाहिजे."

घाटाची कथा अशी. नदीवर एक फरशी पूल आहे, आणि पुलापलीकडे तळबेट नावाचं गाव. पंचक्रोशीतले दहावे-तेरावे तिथल्या जुन्या घाटावर, एका अवाढव्य वडाखाली होत असत. साहेबांच्या मातोश्रींचा दहावाही तिथेच झाला. पाच पिंडांना पाच कावळे शिवले, आणि सहाव्यानं साहेबांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर आपलं मत नोंदवलं. त्या दिवशी साहेबांनी ठरवलं, मंदारबनला स्वतःचा घाट पाहिजे. पाच मिनिटांवर. मग ग्रॅनाइट आला, स्टीलचे कठडे आले, कपडे बदलायच्या खोल्या, पार्किंग, हिरवळ, आणि दोन रांगांत उंच, गुळगुळीत, शोभेचे पाम आले, ज्यांवर पाखरू तर काय, पाखराची सावलीही टेकत नाही. एवढं सुंदर काम घाण होऊ नये म्हणून साहेबांनी एका खांबावर एक पेटी बसवून घेतली. तिच्यातून थोड्याथोड्या वेळानं ससाण्याची किंकाळी येई. कीऽऽर. पाखरं पळावीत म्हणून. पहिले काही दिवस माणसंही दचकत. मग सगळ्यांचे कान मेले.

माझ्या मनात तेव्हा एक शंका आली होती. पण शंका मला सारख्याच येतात, आणि मोठमोठ्या माणसांनी एवढा साधा विचार केला नसेल हे मला खरं वाटेना.

घाट तयार झाला आणि पहिलं गिऱ्हाईक स्वतः साहेबच झाले.

"कीऽऽर," खांब ओरडला.

"काव काव," चाळीस माणसं म्हणाली.

"काहीतरी इच्छा राहिली असणार," मुळे गुरुजी घड्याळाकडे बघत म्हणाले. त्यांना पुढे आणखी एक दहावा गाठायचा होता. "शब्द द्या कुणीतरी. मोठ्यानं बोला. आत्मा ऐकत असतो."

धुमाळ पुढे झाले. त्यांनी हात जोडले. "साहेब, क्लब हाउस आम्ही पूर्ण करू!"

सगळे वर बघत राहिले. आभाळानं दखल घेतली नाही.

"साहेब," अलूरकरबाई म्हणाल्या, "स्विमिंग पूलमध्ये गरम पाणी आणू हं! बायकांसाठी वेगळी वेळ!"

"बी विंगची लिफ्ट," शहाणे.

"सी विंगसमोरची कचराकुंडी हलवू, साहेब! डी विंगसमोर नेऊ!"

"डी विंगसमोर का म्हणून?" मागून एक आवाज.

"अहो, मेलेल्या माणसाची इच्छा आहे!"

"तुमची आहे ती!"

मी हे ऐकत होतो आणि मला हसू येत होतं. चांगलं हसू नव्हे. त्या माणसाला जाऊन पुरते दहा दिवस झाले नव्हते, आणि ही मंडळी त्याच्या पिंडापुढे आपापली यादी वाचत होती. जिवंतपणी त्यांनी त्याच्याकडे मागितलं, आता मेल्यावर त्याच्या नावानं मागत होती. एक सांगतो, मला रणनवरेसाहेबही आवडत नव्हते. पण त्या सकाळी त्यांची कीव आली. त्यांना खरोखर काय पाहिजे होतं, हे तिथल्या एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

शैलजावहिनी, साहेबांच्या पत्नी, एका बाजूला स्टीलच्या बाकावर बसल्या होत्या. दहा दिवसांत त्यांना रडताना कुणी पाहिलं नव्हतं, यावरून वसाहतीत बोलणंही झालं होतं. त्यांची नजर पिंडांवर होती. बोटं पदराच्या काठाशी चाललेली. मुलगा निनाद, डोकं तुळतुळीत केलेला, मेलबर्नहून आलेला. त्याच्या हातातल्या फोनवर त्याची बायको तिकडून सगळं पाहात होती.

"आई, हे किती वेळ चालतं? रात्री माझं विमान आहे."

"तो शिवेपर्यंत चालतं," वहिनी म्हणाल्या.

"आणि नाहीच शिवला तर?"

त्या पिंडांकडेच बघत राहिल्या. त्यांचा चेहरा मी पाहिला. ती बाई घाबरलेली होती. नवरा असा मध्येच कुठेतरी, ना इकडे ना तिकडे, लोंबकळत राहील, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेली होती. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, पण भीतीला खोटं कसं म्हणणार?

गुरुजी पुढे आले. "वहिनी, सोय आहे शास्त्रात. दर्भाचा कावळा करतो आणि लावतो पिंडाला. सगळे हल्ली तसंच करतात."

"दर्भाचा नको."

"अहो, पण..."

"गुरुजी, घरभर प्लॅस्टिकची फुलं आहेत. माझा जन्म त्यांच्यावरची धूळ पुसण्यात गेला. आज मला खरा कावळा पाहिजे."

"कीऽऽर."

वहिनींनी मान वळवली आणि खांबाकडे पाहिलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी ते ऐकलं असावं. "धुमाळभाऊ, तो ससाणा आधी बंद करा."

धुमाळांनी खांबाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तो बंद होत नाही, वहिनी. सोलरवर आहे, आपोआप चालतो. पोरं बटण बंद करतील म्हणून साहेबांनी बटणच ठेवू दिलं नाही."

कोणी हसलं नाही. मी हसलो असतो, पण मी एकटा कधी हसत नाही.

वहिनी उठल्या. ओट्याजवळ गेल्या. "निनाद, पत्रावळ उचल. तळबेटला जायचं."

एकदम गलका झाला. धुमाळ आडवे आले. "वहिनी, असं नका करू! घाटावरचा पहिलाच कार्यक्रम आहे. उद्या लोक म्हणतील, मंदारबनच्या घाटावर कावळा शिवत नाही. फेज तीनचं बुकिंग चालू आहे हो!"

"मांडलेला पिंड असा हलवता येत नाही," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात नाही तसं."

"शास्त्रात ससाणा आहे?" वहिनींनी विचारलं.

गुरुजींनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. वहिनींनी सगळ्यांवरून नजर फिरवली. पुलावर चिखल होता, आणि पांढरे कपडे इस्त्रीचे होते. कोणी दूध उतू जाईल म्हणालं, कोणाला बीपीची गोळी आठवली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, तुम्ही याल? वाट तुमच्या पायाखालची आहे."

चाळीस डोकी माझ्याकडे वळली. मी रोज दुपारी पुस्तक घेऊन तळबेटच्या वडाखाली जाऊन बसतो, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. निळ्या फायबरच्या सावलीला ते कृतघ्नपणाचं वाटलं असतं. वहिनींना कसं कळलं? मी कानापर्यंत तापलो.

"येतो," मी म्हणालो.

निनादच्या हातात पत्रावळ, बगलेत फोन. मागे वहिनी, धोतर वर धरलेले गुरुजी, मी, आणि सर्वांत शेवटी धुमाळ, जे काय होतं त्यावर नजर ठेवायला. तळबेटच्या काठावर पोहोचेपर्यंत आमच्या पायांना नदीनं आपला रंग दिला होता.

वड होता तसाच होता. पारंब्या पाण्यात, आणि वर फांद्याफांद्यांवर कावळे. मोजायचं कामच नव्हतं. खाली दगडी ओटा आणि ओट्याला लागून हौसाक्काची टपरी. हौसाक्का म्हणजे वाळलेल्या लाकडासारखी म्हातारी. ती तीळ, दर्भ, द्रोण-पत्रावळी विकायची, चहा करायची, आणि पंचक्रोशीत कोण मेलं याची बातमी तिच्याकडे पेपरच्या आधी असायची.

"या मास्तर," ती मला म्हणाली. मग तिनं आमची वरात पाहिली, आणि मिठाई दिसल्यासारखे तिचे डोळे चमकले. "अगं बया! मंदारबनची मंडळी! वाट चुकलासा व्हय?"

"आक्का, कावळा शिवला नाही तिकडे," मी म्हणालो.

"शिवल कशाला? त्येला काय बोलावणं धाडलं हुतं? आमच्या कावळ्यानं गाडीवर घाण केली म्हनून येगळा घाट बांधला न्हवं तुमच्या सायबांनी? चकचकीत हाय म्हनं. जेवायचं ताट ठिवावं असा."

"बाई, तोंड सांभाळून बोला," धुमाळ म्हणाले. "माणूस गेलाय."

"म्हाईत हाय. गेल्याबिगर हितं कोन येतंय?"

निनादनं पत्रावळ दगडी ओट्यावर ठेवली. गुरुजींनी पाणी सोडलं. आम्ही पाच-सहा पावलं मागं झालो. हौसाक्का काही हलली नाही. हातातली काठी टेकून ती ओट्याच्या कोपऱ्याशी तशीच उभी राहिली. वरचे कावळे माना वाकड्या करून पाहात होते. एकानं पंख झाडले, पुन्हा मिटले. उतरला एकही नाही.

"बाबा," निनाद म्हणाला, "आईला मी तिकडे मेलबर्नला घेऊन जाईन."

"मी येणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"आई, शब्द देतोय मी."

"खोटा नको देऊस."

कावळे बसून होते. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. इथेही नाही. शेकड्यांनी कावळे, आणि इथेही नाही. "असं काय करताय हो," त्या पुटपुटल्या. आमच्यापैकी कोणाला नव्हे. "आता तरी सांगा की काय पाहिजे."

"क्लब हाउस..." धुमाळांनी सुरुवात केली.

"गप ऱ्हावा हो तुमी!" हौसाक्का कडाडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "बाई, मी सांगू? ह्यो वड तोडायला अर्ज कुनी केलाय?"

वहिनींनी मान वर केली. "कसला अर्ज?"

धुमाळ खोकले. खोकला थांबेना, तेव्हा सांगावंच लागलं. मंदारबनच्या टोकाला साहेबांनी मातीचा ढीग करून सनसेट पॉइंट बांधला होता. तिथून सूर्य मावळताना बघायचा. पण सूर्य पाण्यात मावळत नव्हता. तो तळबेटच्या वडात मावळत होता. म्हणून वड काढून टाकावा आणि जुना घाट अस्वच्छ म्हणून बंद करावा, असा ठराव सोसायटीनं करून तालुक्याला पाठवला होता. त्यावर उपाध्यक्ष म्हणून माझंही नाव छापलं होतं. मला न विचारता. विचारण्याची प्रथाच नव्हती. मलाही ते तिथे, त्या क्षणी कळलं.

"सूर्यासाठी?" वहिनी म्हणाल्या.

"व्ह्यूसाठी," धुमाळ म्हणाले. "व्ह्यूला भाव असतो, वहिनी."

"आता बगा," हौसाक्का म्हणाली. "ह्या झाडावर ह्यांची घरं. बा, आज्जा, पंजा, समदे हितंच. त्यो मानूस ह्येंची घरं तोडनार, आन् ह्येनी त्येचा घास घ्यावा? आत्मा अडकलाय त्यो त्या अर्जात. अर्ज मागं घेतो म्हना, मग बगा."

"असं कसं म्हणता येईल?" धुमाळ भडकले. "ठराव झालेला आहे! सर्वानुमते!"

"ठराव घाला चुलीत. कावळ्याला शबुद द्या."

"मी सेक्रेटरी आहे. मला तो अधिकार नाही. चेअरमनलाच आहे, आणि चेअरमन..." त्यांनी पिंडांकडे हात केला.

वहिनी सावकाश माझ्याकडे वळल्या. "सर, चेअरमन नसले की अधिकार कोणाकडे जातो?"

एक सांगायला हवं. एकतीस वर्षांत वर्गात मी कागदाशिवाय बोललो नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात नाव घेताना मी चुकलो होतो. निरोपसमारंभाचं भाषण मी खिशातच ठेवून घरी आणलं. आणि आता वर शेकडो कावळे, समोर धुमाळांचे वटारलेले डोळे, फोनमध्ये मेलबर्न, आणि ती बाई. तिच्या डोळ्यांत आता भीती नव्हती. तिथे वाट पाहणं होतं.

"माझ्याकडे," मी म्हणालो.

"सर, विचार करून हां!" धुमाळ म्हणाले. "फेज तीन नदीच्या बाजूला आहे. तुम्ही फ्लॅटधारकांचं नुकसान..."

"धुमाळ," मी म्हणालो, "तुम्ही जरा गप्प राहाल?"

हे वाक्य माझंच होतं याची खात्री करून घ्यायला मला एक क्षण लागला. मग मी ओट्यासमोर गेलो, हात जोडले आणि वर पाहिलं. शब्द फाटका निघाला, पण निघाला.

"रणनवरेसाहेब, मी अच्युत खांबेटे. मंदारबनचा उपाध्यक्ष. तुमचा वडाविरुद्धचा अर्ज मी मागं घेतो. उद्याच घेतो. हा घाट इथेच राहील आणि हे झाडही राहील. सूर्याला जिथं मावळायचंय तिथं तो मावळेल."

कोणी हललं नाही. हौसाक्कानं माझ्याकडे एकदा पाहिलं, नीट, वरपासून खालपर्यंत. मग चहा उतू गेल्यासारखी ती वळली, काठी टपरीच्या कुडाला टेकवली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

पहिला कावळा दगडावर उतरला. दोन उड्या, मान तिरकी, आणि चोच पिंडात. त्याच्यामागे दुसरा. मग वड एकदम खालीच आला.

"शिवला!" गुरुजी ओरडले. निनादनं फोन वर धरला. धुमाळांनी, मला मान्य केलं पाहिजे, टोपी काढली आणि डोळे पुसले. वहिनी तिथेच मातीत बसल्या आणि रडल्या, दहा दिवसांचं एकदम. मला काय करावं कळेना. मी त्यांच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवली. अलूरकरबाईंची.

परतताना बाकीचे पुढे गेले. पुलाच्या मध्यावर वहिनी थांबल्या. खाली पाणी गढूळ, भरभर चाललेलं.

"सर, तुम्ही तर्कशास्त्र शिकवायचात ना?"

"हो. मुलं झोपायची."

"मग सांगा. तुम्ही शब्द दिलात म्हणून शिवला, की तिनं काठी खाली ठेवली म्हणून?"

मी खाली पाण्याकडे पाहिलं. मी रोज दुपारी त्या वडाखाली बसत होतो. हौसाक्काच्या हातात काठी असली की कावळे फांदीवरून हलत नाहीत, नाहीतर त्यांनी तिच्या टपरीतला एक पाव शिल्लक ठेवला नसता. काठी कुडाला लागली की ते खाली येतात. रोज दुपारी ती अशीच त्यांना भाकरी घालते. हे मला ठाऊक होतं. मी बोलत असताना माझं अर्धं लक्ष त्या काठीकडेच होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी शब्द दिला म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठांचा एक कोपरा हलला. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही. बरं. पण कावळा खरा होता ना?"

"खराच होता."

"मग झालं." थोडं चालल्यावर त्या म्हणाल्या, "यांच्या वाटेत जन्मात कोणी काठी घेऊन उभं राहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. एकदा राहिलं, बरं झालं."

अर्ज मी दुसऱ्याच दिवशी मागं घेतला. धुमाळ आरडाओरडा करतील असं वाटलं होतं. पण मी त्यांना ओळखलं नव्हतं. महिन्याभरात ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, की साहेबांच्या आत्म्यानं स्वतः वड वाचवला. मग वडाभोवती फरशा बसल्या. मग पाटी आली, 'कै. रणनवरेसाहेब स्मृती वटवृक्ष'. हौसाक्कानं पाटीवर वाळायला लुगडं टाकलं. फेज तीनच्या रंगीत पत्रकात त्या वडाचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'पुरातन वटवृक्ष, पाच मिनिटांवर'. ते मात्र शुद्ध खोटं आहे. माझ्यासारख्या माणसाला निम्मी दुपार लागते.

मंदारबनच्या घाटावर आता वाढदिवस होतात. ससाणा अजून ओरडतो. लोक त्याच्या आवाजात केक कापतात.

"काय सर, तुम्ही तर्कशास्त्रवाले," धुमाळ चारचौघांत मला डिवचतात. "विश्वास नव्हता ना तुमचा? बघितलंत ना डोळ्यांनी?"

"बघितलं," मी म्हणतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे वाक्य मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलं. मूर्खांना ते समजत नाही यावर मी जन्मभर चडफडलो. आता त्याच मूर्खपणाच्या सावलीत बसून मी वाचतो, आणि सावली दाट आहे.

त्यानंतर शैलजावहिनीही अधूनमधून दुपारी तिथे येत. त्या वडाच्या पलीकडच्या बाजूला बसत, मी अलीकडे. बोलणं फारसं होत नसे. कधी त्या विचारत, "आज काय वाचताय?" मी नाव सांगे. त्या म्हणत, "असं का?" आणि हौसाक्का दोन चहा आणून ठेवी. एवढंच. मला आणखी काही बोलायचं असे. पण कुठून सुरुवात करावी हे ठरवण्यात दुपार संपे, आणि वाटे, उद्या आहेच.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. दहावा तळबेटलाच झाला. त्यांनी तसं निनादला सांगून ठेवलं होतं. अख्खं मंदारबन आलं होतं, चिखल तुडवत. धुमाळांनी शब्दांची तयारीही करून आणली होती, मला दिसत होतं. मीही केली होती. एकच वाक्य होतं, रात्रभर घोकलेलं, आणि या खेपेला मी ते बोलणार होतो.

निनादनं पत्रावळ ठेवायला हात पुढे केला. हौसाक्का आता जवळजवळ आंधळी झाली आहे. तिनं विचारलं, "कोन? बाई का?" मी हो म्हणालो. तिनं काठी आधीच कुडाला लावून टाकली.

पत्रावळ दगडाला टेकायच्या आत कावळा शिवला.

"बघा," धुमाळ म्हणाले, "काही म्हणजे काही इच्छा राहिली नव्हती वहिनींची."

माझं तोंड उघडलेलं होतं. ते मी मिटलं.